रफू खातं

तिकीट वीस रुपये, ज्येष्ठांना दहा.
खिडकीतली मुलगी म्हणाली, आधार दाखवा.
ब्रिजिटनं पिशवीच्या तळातून पितळी बिल्ला काढला,
चारशे बारा.
मुलीनं तो उलटसुलट पाहिला
आणि काही न बोलता दहा-दहा घेतले.

आत हिरवळ आहे. कोळशाच्या ढिगाच्या जागी घसरगुंडी.
रंगखात्याच्या हौदात कमळं,
आणि पाटी : पाण्यात उतरू नये.
आम्ही कधी उतरलो नाही.
उतरायचा तो एकटा काशिनाथ,
ज्याच्या पोटऱ्या निवृत्तीपर्यंत निळ्या होत्या.

धुराडं ठेवलंय. रात्री त्याला दिवे लावतात म्हणे.
येऊरचा डोंगर आहे तिथेच आहे,
पण बघायला मान दोन टॉवरांच्या फटीत घालावी लागते.

गाइड पोरगा, कळव्याचा, गळ्यात ओळखपत्र.
आजी, तुम्ही साच्यावर होता का?
नाही रे, रफूत.
त्यानं हातातला कागद वरून खाली वाचला :
धुलाई, पिंजण, कताई, विणाई, रंग, इस्त्री.
म्हणाला, ह्यात नाही.

नसणारच.
साच्यावरून तागा उतरला की त्यात असायचा
तुटलेला ताणा, चुकलेला बाणा, गाठी,
रात्रपाळीच्या कुणाची तरी डुलकी, दोन बोटं लांब.
तपासनीस खडूनं गोल काढायचा
आणि आम्ही अठ्ठावीस बायका
उत्तरेच्या उजेडात, तिरक्या टेबलांवर,
आपापल्या गोलात वाकायचो.
त्याच ताग्याच्या कडेचा धागा घ्यायचा,
एक वर, दोन खाली, जशी वीण तशी.
मग खडू झटकायचा.
काम नीट झालं तर दिसायचं नाही.
दिसलं तर पगारातून कापायचे.
एकवीस वर्षं.

लोकरीच्या तेलानं हात मात्र मऊ राहिले.
लेकीच्या बारशाला नणंद माझी बोटं धरून म्हणाली,
वहिनीला घरी काही काम नसतं वाटतं.

करवतीच्या दातांसारखं छप्पर तसंच आहे.
त्याच्याखाली आता कॉफी मिळते, दोनशे चाळीस.
उत्तरेच्या काचा लख्ख पुसल्यात.
पुसा म्हणून आम्ही तीन अर्ज दिले होते.

विणाई खात्यात एका साच्यापाशी पुतळा उभा,
फायबरचा, गोरा, खाकी सदऱ्यात.
इतका ताठ कामगार मी पाहिला नाही.
डाव्या कोपराला सदरा फाटला होता, बोटभर.
ब्रिजिटनं माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे.
पोरगा मोबाइलवर होता.

सुई तिच्याकडे असतेच, जपमाळेच्या डबीत.
धागा सदऱ्याच्याच आतल्या शिवणीतून काढला.
चष्मा एकच, माझा. तो तिला दिला
आणि मी कोपर धरलं.
किती हलकं, पोकळ.
खरा माणूस असता तर म्हटलं असतं,
जरा श्वास रोख.

अकरा धागे उभे. आडवे आठ झाले
आणि भोंगा वाजला,
रेकॉर्ड केलेला, स्पीकरमधून, पाहुण्यांसाठी, रोज पाचला.
आपला पोटात वाजायचा. हा नुसता कानात.
तरी दोघींचे हात थांबले,
सुई वर, टाका अर्धा.
भोंग्यानंतरचा टाका कुणी मोजायचं नाही.
ब्रिजिटनं तो घातला.

पोरगा धावत आला. आजी, हात लावायचा नसतो!
काय केलंत?
काही नाही.
त्यानं बाही वळवून पाहिली,
टॉर्च लावून पाहिली,
मग दुसरी बाही.
फाटलं होतं ते डावं की उजवं
हेच त्याला आठवेना.

शोध, म्हटलं.
बाळकूमची बस सव्वापाचची होती.