कागदाच्या कडेपर्यंत

पहाटेची थंडी इथे दगडातून वर येते.
आम्ही चोवीस जण, झाग्रोसच्या उतारावर,
खांद्यावर केबलची वेटोळी,
दर पंचवीस मीटरला एक जिओफोन
टाचेने रोवत जातो.
मोहंदेस इस्फंदियारी मागून ओरडतात:
नीट बसवा रे, सैल कान खोटं ऐकतो.

मग ती अवजड गाडी पोटाखालची पाटी जमिनीला टेकवते
आणि डोंगर हुंकारतो,
झोपेत कुणी हाक मारल्यासारखा.
मी तंबूत, पडद्यासमोर. कानोसा घेणं हे माझं काम.
काळ्या रेघांवर रेघा, घट्ट विणलेल्या चटईसारख्या,
आणि मध्येच कुठे निसटलेला एक धागा.
तो धागाच मला हवा असतो.
अखंड चुनखडक कंजूष. त्याच्याकडे असलं तरी देत नाही.
तेल वाहतं ते तड्यांतून,
केसाएवढ्या, बोटाएवढ्या,
एकमेकींना छेदत गेलेल्या.

माहबस रोज याच वाटेने बकऱ्या नेते.
पन्नाशीची असेल, सत्तरीची असेल,
उन्हाने हिशेब पुसून टाकलाय.
काय ऐकता, तिने विचारलं.
जमीन कुठे फुटलीय ते, मी म्हणालो.
तिने काठीने समोरचा कडा दाखवला.
उघड्याबोडक्या खडकावर
एकामागे एक उभे बलूत.
"ते काय हौसेने रांग धरून उभे आहेत?
मूळ घालायला भेग लागते, पोरा."

विमानातून काढलेल्या फोटोंवर
तीच रांग सापडायला मला अकरा दिवस लागले होते.

तिच्या कातडी पिशवीत एक काळा गोळा असतो,
कपारीतून पाझरलेला.
बकरीचा खूर चिरला की ती तो ऊन करून लावते.
डोंगराच्या पोटातलं असं कधीच ओठावर आलेलं,
आणि आम्ही अजून तारा पसरतोय.

तरी नकाशा सुरेख झाला. खोटं कशाला बोलू?
तड्यांच्या दिशा मोजून काढलेलं फूल,
वायव्येची पाकळी सगळ्यांत लांब.
लाल रेघा जिथे एकमेकींवरून गेल्या
तिथे मी पेन्सिलीने टिंब दिलं.
त्या टिंबावर तीन आठवड्यांत मनोरा उभा राहिला.

एकशे नव्वद मीटरवर चिखल गायब झाला.
छिद्रात सोडलेला, फिरून वर यायचा, तो आलाच नाही.
टाकी रिती झाली. अजून ओतला, तोही गेला.
हूमान ड्रिलर हात पुसत म्हणाला, शकुन चांगला आहे,
वरच एवढं फाटलंय, तर खाली काय असेल!
कुणीतरी चहा फिरवला, खजूर फिरवले.
मीही खाल्ला.

पाचव्या दिवशी माहबस आली, बकऱ्यांशिवाय.
हातात प्लास्टिकचा डबा.
राखाडी पाणी, दोन बोटांत साबणासारखं गुळगुळीत.
सबूरा झऱ्याचं, इथून दोन कोस खाली.
ती ओरडली नाही.
"तुमचं काही हरवलं होतं का?" म्हणाली,
"आमच्याकडे आलंय."

आता टँकर जातो रोज, कंपनीच्या खर्चाने.
निळ्या टाकीतलं पाणी बकऱ्या हुंगतात आणि उभ्या राहतात.
विहिरीला पुढे तेल लागलं. चांगलं लागलं.
इस्फंदियारींनी माझी पाठ थोपटली.

रात्री मी नकाशा पुन्हा उघडला.
माझी लाल रेघ परवान्याच्या हद्दीशी थांबली होती,
अगदी सरळ कापल्यासारखी,
जणू खडकालाही शिक्का दाखवावा लागतो.
सबूरा त्या हद्दीच्या बाहेर, वीतभर.

सकाळी तिला तंबूत बोलावलं.
दुसरा कागद चिकटपट्टीने जोडला.
ती नावं सांगत गेली: तीन बलूत, कोरडा झरा,
मेंढी घसरली ती कपार, धाकट्याची कबर,
मग आणखी एक झरा, उन्हाळ्यातसुद्धा गार.
मी रेघ नेत गेलो.
पुढे? मी विचारायचो.
पुढे, ती म्हणायची.
कागद टेबलावरून खाली लोंबायला लागला होता.