एक पाथ कमी

वावीच्या पुढं डांबर सुटलं की मुरूम लागतो.
तिथं साडेनऊला मी मशीन उभं केलं,
पायजम्याला कुसळं, खिशात नकाशाची घडी :
गट नंबर दोनशे चौदा, जिरायत,
एक हेक्टर साठ आर.
सांगळ्यांकडून सरकारनं विकत घेतलेलं,
सरकारनं द्वारका केदारेला दिलेलं.

दोन ओळी. मधली चार वर्षं फायलीत.
सांगळे नाशकात गंगापूर रोडला राहायला गेले,
दर पटेना म्हणून दोनदा माघारी फिरले,
समितीतले साहेब बदलले, रेडीरेकनर बदलला,
मग एका मंगळवारी तहसिलात
स्टीलच्या डब्यात अकरा चिठ्ठ्या,
आणि शिपायाच्या पोरानं डोळे मिटून एक उचलली.

बाई बांधावर उभी.
पदर खोचलेला, हातात खुरपं,
मोजणीला खुरपं कशाला, मी विचारलं नाही.
म्हटलं, मावशी, आत या. तुमचंच रान.
"हो," म्हणाली, आणि उभीच राहिली.
"एकोणतीस वर्षं हितं रोजानं आले.
कुणी 'लागा' म्हटल्याबिगर
आत पाय टाकला नाय कधी."

'लागा' हा शब्द माझ्या तोंडी येईना.
मी म्हटलं, चला, हद्द दाखवा.

शेजारचा पुंजा तंबाखू मळत आला.
म्हणाला, बांध जुना आहे, आमच्या आज्यानं घातलेला.
मशीन काही बोललं नाही, मी आकडे उतरवत राहिलो.
बाई मात्र दक्षिणेकडून निघाली,
वाकल्यासारखी, आडवी आडवी, ओठ हलवत,
मोकळ्या रानात नसलेलं गवत काढत.
उत्तरेच्या बांधाला येऊन थांबली.
"बारा बायांची रांग, दहा खेपा,
वर तीन पाथी. त्या मी, अनुसया अन् तिची सून धरायचो.
दोनच भरल्या. तिसरी कुठंय?"

मी बेरीज केली. सव्वा गुंठा कमी.

पुंजा हसला. बाईच्या पाथीवर कुठं मोजणी होते का, साहेब?
नाही होत. आमच्या पुस्तकात तसा नियम नाही.
पण जुन्या टिपणात एक दगड होता,
बोरीच्या बुडाशी म्हणून लिहिलेला,
आणि तिथं ना बोर ना दगड.

"बोर तोडली," ती म्हणाली, "दगड नाय हालला.
दुपारच्या भाकरी त्याच्यावर ठेवायचो आम्ही,
मुंग्या लागू नयेत म्हणून."
आणि पुंजाच्या मक्यात तीन ढांगा आत जाऊन
खुरप्यानं उकरायला लागली.

हातभर खाली लागला.
वर छिन्नीची फुली, फुलीत माती.
सदतीस वर्षं मी हद्दी शोधतो आहे,
खुणेच्या दगडाला कुणी पदरानं पुसलेलं
पहिल्यांदा पाहिलं.
पुंजा थुंकला, लांब, स्वतःच्याच रानात.

पंचनाम्यावर अंगठा नको म्हणाली,
सावकाश सही केली, 'द्वारका'चा 'द्वा' दोनदा गिरवून.
मी नियमाप्रमाणे वाचून दाखवलं :
भोगवटादार वर्ग दोन. ही जमीन विकता येणार नाही,
गहाण देता येणार नाही, नावावरून उतरवता येणार नाही.
सवयीनं आवाज जरा खाली गेला माझा,
लोकांना इथं वाईट वाटतं.
"पुन्हा वाचा," ती म्हणाली.
मी पुन्हा वाचलं.
"हे जरा मोठ्या अक्षरात लिहून द्या.
दोन्ही पोरांना दिसंल असं."

पाच वाजता मशीन पेटीत भरलं.
सिन्नरची गाडी साडेपाचची.
फाट्यावरून मागं पाहिलं तर ती रानातच,
गुडघाभर सावलीत, काँग्रेस गवत उपटत.
हात करून ओरडलो, मावशी, पुरे आता!

ती ताठ झाली. पदर झटकला.
आणि इकडं तिकडं पाहू लागली,
सुट्टी झाली म्हणून
कोण बोललं ते.