एक एस कमी

गोकुळपेठेच्या वळणावर नवं दुकान उघडलं.
फालुदा, रबडी, संत्र्याची कुल्फी.
वर पाटी: डेझर्ट पॅलेस.
त्यात एस एकच.
म्हणजे गोडधोडाचा नाही,
वाळवंटाचा महाल.

मे महिना, पारा शेहेचाळीसवर,
डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी खाली उभी,
आणि शिडीवर कोण, तर फागू उइके.
ब्याऐंशी सालची सातवी ब, शेवटचा बाक.
"अरे फागू, एक एस राहिला की."
ब्रश न थांबवता तो वरूनच म्हणाला,
"राहिला नाही मॅडम, जागाच नाही पुरली.
अन् रस्त्याकडे पाहा ना बाप्पा,
खोटं काय लिहून राहिलो मी?"

याच पोराकडून मी एकदा
इंग्रजीतला 'शांत' शंभर वेळा लिहून घेतला होता.
शेवटच्या ई आणि टीनं जागा बदलल्या
की शांतचं होतं 'बऱ्यापैकी'.
त्यानं शंभरही वेळा 'बऱ्यापैकी' लिहिलं,
पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं,
टीच्या माथ्यावरची रेघ पतंगाच्या शेपटीसारखी.
मी छडी मारली.
अक्षराबद्दल काही बोलले नाही.

दिवाळी झाली आणि ह्यांना धंतोलीत ॲडमिट केलं.
आयसीयूबाहेरच्या भिंतीवर निळा ऑइलपेंट,
कीप क्वाइट,
टी आधी, ई नंतर,
आणि टीवर ती शेपटी.
पर्समध्ये लाल पेन होतं. असतंच.
तीन रात्री त्या पाटीखालच्या बाकावर काढल्या,
समोर उमरेडची एक बाई डबा न उघडता बसलेली,
तिचा मुलगा आत.
आम्ही दोघीही तशा शांतच होतो,
म्हणजे, बऱ्यापैकी.

चौथ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले,
चष्मा पुसत म्हणाले, "बरे आहेत आता."
मग जरा थांबून, "बऱ्यापैकी."
मी पाटीकडे पाहिलं.
पेन काढलं नाही.

ह्यांना घरी आणताना
गोकुळपेठेत ऑटो हळू झाला.
फागूनं मधल्या फटीत
एक बारका एस कोंबला होता,
अंग चोरून उभा, रंगही जरा वेगळा.
ह्यांनी विचारलं, "काय पाहतेस?"
"काही नाही," म्हटलं.
स्पेलिंग आता बरोबर होतं.
पाटी आधीचीच चांगली होती.