तिकिटामागं

चार खिडक्या उघडल्यात मोबाइलवर.
निळी, केशरी, हिरवी,
आणि चौथी, तहसीननं दाखवलेली,
जी स्वतः काही विकत नाही,
नुसत्या बाकी तिघींच्या उखाळ्यापाखाळ्या सांगते.

जायचंय कोइमतूरला.

निळी म्हणते पाच हजार सातशे नव्व्याण्णव.
केशरी म्हणते पाच हजार दोनशे नव्व्याण्णव,
पण बंगळूरला अकरा तास बसा.
हिरवीनं आधी चार हजार नऊशे सांगितले.
मी हरखून नाव टाकलं, वय टाकलं,
बाई की पुरुष तेही टाकलं,
आणि शेवटच्या पानावर तिनं हळूच
सोयीचे म्हणून साडेसहाशे लावले.
कसली सोय गं बाई?
सगळं तर मीच टाइप केलं, चष्मा पुसून पुसून.

आणि हे नव्व्याण्णव, नव्व्याण्णव.
वरचा एक रुपया सुट्टा कोण देणार?

सव्वीस वर्षं केएमटीत कंडक्टर होते मी.
गंगावेश ते उजळाईवाडी, टप्पे अजून तोंडपाठ.
वकील चढो नाहीतर मोळीवाली,
टप्पा तोच, पैसे तेच.
एकच शीट उरली म्हणून
कुणाला कधी म्हणाले नाही,
"लवकर बोला, चौदा जण हीच जागा बघाय लागल्यात."
इथं खिडकीचे दोनशे नव्व्याण्णव वेगळे.
आमच्याकडं खिडकीला एकच दर होता,
खालनं रुमाल टाकायचा.

तहसीन म्हणते, मावशी, सारखं बघू नका.
त्यांना कळतं तुम्हाला जायचंच आहे, मग वाढवतात.
गुपचूप खिडकीतनं बघा, मंगळवारी बघा.
म्हणजे गरज तोंडावर दिसू द्यायची नाही.
ते मला शिकवायला नको.
लक्ष्मीपुरीत मिरची घेताना हेच करते,
हिंदुरावच्या बाबतीत अकरा वर्षं हेच केलं.

हिंदुराव धाकटा माझा.
शिरोलीला फौंड्रीत पॅटर्न करायचा.
तिकडं पंपाच्या कारखान्यात गेला, तिकडचाच झाला.
आईच्या बाराव्याला पाटल्यांवरनं शब्द झाले.
तो म्हणाला, ठेव तुलाच.
मी ठेवल्या.

परवा त्याची बायको फोनवर सांगत होती,
मीठ बंद केलंय डॉक्टरनं,
दिवसभर तमिळ बोलतात,
ताटावर बसले की मराठीत रागावतात.

एवढं आठवेपर्यंत निळी सहा हजार दोनशेवर गेली.

पंधरा किलो न्यायला परवानगी आहे.
गूळ पाच किलो, चटणी दोन
(मिठाशिवाय कशी करू, ते अजून ठरलं नाही),
एक पायताण, नऊ नंबर,
पाय तेवढाच असेल अजून.
पाटल्या पर्समध्ये.
त्यांचं वजन कुठल्याच साईटनं विचारलं नाही.

सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागं लिहून द्यायचो,
चार रुपये बाकी, आणि भोवती गोल.
लोक उतरताना घाईत विसरायचे.
एक म्हातारा तिसऱ्या दिवशी आला होता कावळा नाक्यावर,
धोतराच्या सोग्यातनं तिकीट काढलं,
घामानं अक्षर पसरलेलं,
माझंच होतं.
दिले.

रात्री साडेअकराला केशरीवर बोट टेकवलं.
अकरा तास तर अकरा तास.
उभ्यानं सव्वीस वर्षं काढलीत,
बंगळूरला बसायला तरी मिळेल.

सकाळी तहसीनला म्हटलं, छापून दे.
ती म्हणाली, मावशी, मोबाइलवर दाखवलं तरी चालतं.
म्हटलं, चालू दे. तू छाप.
आणि एकाच बाजूनं छाप,
मागची बाजू मला कोरी पाहिजे.