जेवना डोया

बाजाराच्या दिवशी तळोद्यात डोळे फार येतात.
तसे नव्हे, तेही येतात,
पण मी माणसांचं म्हणतोय:
भाजी विकून, पाटी उपडी करून
बाकड्यावर ओळीने बसलेली,
मुठीत पुठ्ठ्याचा नंबर.

मी कराडचा. चष्म्याचे नंबर काढतो.
भिंतीवर तक्ता, त्यावर अक्षरं नाहीत,
नुसते तीन दातांचे काटे,
वर, खाली, आडवे तोंड केलेले.
विचारायचं एवढंच:
उजव्या डोळ्याने सांगा, तोंड कुणीकडे?

पहिल्या आठवड्यात
'उजव्या' म्हटलं की बाकडं गप्प.
शेवटी वनजी धल्ला मान तिरकी करून म्हणाला,
"जेवना म्हन ना भाऊ, जेवना."
मी म्हटलं, झालंय माझं जेवण.
बाकडं हसलं.
त्याने पाची बोटं जुळवली,
हवेतला घास तोंडाशी नेला.
ज्या हाताने जेवायचं तो जेवना,
आणि त्याच्या शेजारचा डोळाही जेवना.
"जेवना डोयाघाई दखास नही."

डोया.
शाळेत जीभ मागे वळवून वळवून
बाईंनी घोटून घेतलेला माझा ळ
इथे पाण्यात पडलेल्या खडीसाखरेसारखा.
केळी केयी, धुळं धुयं,
तळोदा स्वतःच तयोदा.

जसोदाबेन म्हणाल्या, आमची जमणी आंख.
जमवुं म्हणजे जेवणं.
म्हणजे दोन भाषा एकाच हाताने जेवतायत
आणि मी आपला उजवा,
पंगतीत वाढप्यासारखा उभा.
"हमारे में सीधी," रेहमतबी म्हणाली,
म्हणून दुसरी उल्टी.
उल्टीत मोतीबिंदू पिकलेला,
तरी सुईत दोरा ओवते, अंदाजाने.
वहीच्या मागच्या पानावर
मी सगळे उजवे लिहून घेतले.

नंबर सात कोण?
कुणीच नाही.
पुन्हा ओरडलो.
कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "हात?"
मी हात दाखवला.
तिने पुठ्ठा दाखवला: ७.
तिच्या भिलीत साप हाप, सात हात.
मग हाताला?
"आथ."
हाताचा ह तिने सातला देऊन टाकलेला.

केसपेपरवर सेगी पाडवी.
नाव विचारलं तर हेगी.
पेन उघडून बसलो, दुरुस्त करायला,
कागद की तोंड, ठरेना.
उजव्याला तिने जो शब्द दिला
तो तीनदा म्हणून पाहिला.
तीनदा तिने पदर तोंडाला लावला.
तिच्या गळ्यातून सुटायचा
तो माझ्या दातांत अडकायचा.
वहीत त्या जागी रेघ आहे, अजून.

भिंग घातलं. काढलं. दुसरं घातलं.
काटे सोडून ती खिडकीबाहेर बघत बसली.
तारेवर होले.
बोट पुढे करून मोजायला लागली,
अगदी हळू, एकेक वेगळा करत.
मी तक्त्यावरची छडी खाली ठेवली
आणि वाट पाहत राहिलो
हाताची.
आला.
आठव्या होल्याला तिने उडवून लावलं, हसत,
की तो आपणच उडाला, माहीत नाही.

रात्री आईचा फोन.
तुझी तब्येत?
बरी आहे, म्हटलं, डोया जरा दुखतोय.
पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.
"काय दुखतंय?"
"डोळा," ळ नीट वळवून म्हणालो.
"कुठला?"
"जेवना."
"अरे, मी केव्हाच जेवले," आई म्हणाली,
"तू?"