खडेमीठ

दर दुसऱ्या रविवारी, भांडुपला,
सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या पंपाशेजारी
आम्ही अकरा-बारा जण जमतो.
माशांची माणसं. खाणारी नव्हे, पाळणारी;
खातोही, पण तो विषय वेगळा.
डिमेलोच्या हातात पिशव्या,
अर्ध्या पाण्याने, अर्ध्या हवेने फुगलेल्या.
जुलेखाबाईंच्या डब्यात लाल आळ्या, वळवळत्या,
घरी सांगितलेलं असतं की चटणी आहे.
साटेलकर नुसता ऐकायला येतो.

कोणाच्या गप्पीला पांढरे ठिपके आले
की ठरलेलं उत्तर: खडेमीठ.
चिमूटभर नको, मूठभर. दिवा बंद.
आणि तीन दिवस टाकीत हात घालू नकोस.
या सल्ल्याची किंमत कोणी कधी विचारली नाही.
खडेमीठ वाण्याकडे मिळतं.

मग निनाद खोपकर आला.
पोरगा गुणी, न सांगता खुर्च्या उचलणारा.
चौथ्या रविवारी त्याने पिशवीतून निळी बाटली काढली.
दहा लिटरला चार थेंब. साडेतीनशे रुपये.
लेबलवर मासा हसत होता.
मासे हसत नाहीत
हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

खोटं कशाला बोलू, औषध चांगलं होतं.
माझी एंजल मादी कुशीवर पडलेली,
दोन दिवसांत सरळ झाली.
मी जुलेखाबाईंना म्हणालो, घ्या, डोळे मिटून घ्या.
त्यांनी घेतली.
पुढच्या खेपेला डब्याचं झाकण पुसता पुसता म्हणाल्या,
"तुम्हाला फुकट दिली होती का हो?"
"हो. पण औषध चांगलंच आहे."
"असेलच की."
त्या 'असेलच'मध्ये
कुठेतरी काच तडकली, आवाज न करता.
पाणी कुठून झिरपतंय
ते मला आजवर सापडलेलं नाही.

त्यानंतर कोणी म्हणालं, हा फिल्टर बरा,
की आम्ही आधी त्याच्या पिशवीकडे बघायचो.

सभा घेतली. विषय एकच, विक्री हवी की नको.
कुडपाणे मास्तर म्हणाले, नको.
बाहेर पडलं की दुकानंच दुकानं,
एक खोली तरी राहू दे.
डिमेलो म्हणाला, मग माझं काय?
रात्री बाराला टाकी गळायला लागली
की काचवाला म्हणून मलाच फोन लावता,
मी सिलिकॉनचे पैसे घेतो.
ती विक्री का मदत?
कोणाला सांगता येईना.
निनाद फरशीकडे बघत बोलला,
नोकरी ऑगस्टात गेली.
माशांतलं कळणारी माझ्या ओळखीची माणसं तुम्हीच.
दुसऱ्या कोणाला विकू?

तेवढ्यात पंप सुरू झाला, वरच्या टाकीसाठी,
आणि दहा मिनिटं कोणाला कोणाचं ऐकू आलं नाही.
ते बरं झालं.

ठरलं ते वहीत आहे, माझ्या अक्षरात:
विकायचं तर शेवटी, चहानंतर, दाराजवळच्या टेबलावर.
आणि आधी तोंडाने सांगायचं, यात माझे पैसे आहेत.
काही फुकट मिळालं असेल तर तेही.
खाली मी एक ओळ घातली, कोणी न सुचवता:
'मला दोन बाटल्या मिळाल्या होत्या.'
पुढे सही.

निनाद आता दाराजवळ बसतो.
कधी दोन बाटल्या जातात, कधी एकही नाही.
ठिपक्यांचं विचारलं तर तोच म्हणतो,
पहिल्यांदा मीठ घालून बघा.
सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही.

परवा जुलेखाबाईंनी
गाठ मारलेली पिशवी माझ्यापुढे धरली.
आत पिल्लं, नखाएवढी,
उजेडाकडे तोंड करून.
माझा हात आपोआप खिशात गेला.
"किती?" मी विचारलं.

त्यांनी पिशवी खिडकीकडे धरली, बोटाने मोजलं.
"सात," म्हणाल्या.
"थांबा. आठ."