दुरुस्ती

निबंध होता असोग्याच्या सहलीवर.
भरमाण्णानं लिहिलं होतं,
मी नदीत पाय सोडून बसले.
‘ले’भोवती मी लाल गोल काढला
आणि वर लिहिलं, ‘लो’.
बारा वर्षं मराठी शिकवतेय खानापुरात.
हात आपोआप जातो.

वह्या वाटायला मॉनिटर, मारुती देसूरकर.
वाटता वाटता त्यानं ते पान उघडलं
आणि सातवी ‘ब’ला एक नवं क्रियापद सापडलं.
बसले, बसले, बसले,
बोअरिंगवर, जिन्यात, प्रार्थनेच्या रांगेत मागून,
आधी कुजबुजत,
मग कुजबुजायची गरज उरली नाही.

मला ऐकू येत होतं.
सहावीचे पेपर तपासायचे होते.
हेडसर म्हणाले, पोरंच ती, चालायचंच.
बेळगावहून एक पत्रक आलं होतं, कानडीत, तीन पानी,
शाळेत कुणाचा छळ होऊ नये म्हणून काय काय करायचं त्याचं.
‘वाचले’ म्हणून सह्या केल्या आम्ही आठ जणांनी.
वाचलं नव्हतं.

तिची पाण्याची बाटली सुटीनंतरही भरलेलीच असायची.
(‘तिची’ हे मी आत्ता म्हणते.)
पाणी प्यालं की जावं लागतं,
आणि मुलांच्या मुतारीला दार नव्हतं.

एका शुक्रवारी टेबलावरचं माझं पेन दिसेना.
मधल्या सुटीनंतर ती वर्गात आली
तेव्हा पांढऱ्या शर्टावर, पाठभर, लाल शाईत
‘लो’.
भोवती गोलसुद्धा.
माझ्याच वळणाचा.

मग अकरा दिवस गैरहजर.

कौलांच्या कारखान्यामागं घर.
आईचे हात कोपरापर्यंत मातीचे.
“दोन डाव नदीवर घेऊन गेलो शर्ट,
डाग जाईना, बाई.”

गेलो, म्हणाली.
पदर कमरेला खोचलेली बाई, गेलो म्हणाली,
आणि मला जांबोटीची माझी आई आठवली,
बांधावरून ओरडायची, येतो गं, थांब.
मीही येतो-जातोच म्हणायचे
पुण्यात डी.एड.ला जाईपर्यंत.
तिथं मुली हसल्या, तेव्हा बदलले.
आमच्या ‘लो’नं कुणाचं काही बिघडलं नव्हतं इतकी वर्षं,
आणि तिच्या एका ‘ले’नं
अख्खी शाळा धावून गेली अंगावर.

ती आतच होती, दाराआड.
शाळेत चल म्हटलं तर कानडीत म्हणाली,
ना बरंगिल्ल.
कानडीतल्या ‘मी’ला लिंग नसतं.
येणं असतं, न येणं असतं,
कोण येत नाही ते विचारत नाही क्रियापद.
घरात सगळे मराठी बोलतात.
ती तेवढी कानडीत जाऊन बसली होती.

निघताना नाव सांगितलंन.
मलप्रभा.
“नकाशात दाखवला होता तुम्ही, कणकुंबीपास्नं.”

सोमवारी हुक्केरी बाईंना घेऊन
पत्रकाचा शब्द न् शब्द मराठीत उतरवला,
स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला.
हेडसरांनी चहा संपवला, काही बोलले नाहीत.
दारासाठी पंचायतीत चार खेटे.
तोवर आमच्या संडासाची किल्ली तिच्या कंपासपेटीत.

आणि सातवी ‘ब’ला सांगितलं,
पहिला गोल मी काढला होता.
हे सांगताना फळ्याकडं तोंड होतं माझं,
मग वळले.
मारुतीला विचारलं, का?
“सगळे हसत होते,” म्हणाला.
छडी नाही उगारली. आपणही हसण्यालाच भ्यायलो होतो एकदा,
काय उत्तर द्यायचं त्याला?

तो अजून तिच्या बाकावर बसत नाही.
हजेरीपटात नाव जुनंच आहे,
माझ्या प्रतीत नवं, पेन्सिलीनं.
पण परवा बोअरिंगचा दांडा मारुती मारत होता
आणि ती ओंजळीनं पीत होती,
सावकाश, पोटभर.

काल वही आली तपासायला.
मी पाणी प्याले. मग मी नदिवर गेले.
दुसऱ्या वाक्यात एक चूक होती.
‘दि’ दीर्घ केला,
आणि वही मिटली.